व्यापारातली वजाबाकी

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला 'सिव्हिलायझेशन' हा संगणकावरचा खेळ मायक्रोप्रोज कंपनीने १९९१ साली बाजारात आणला. त्याची सातवी मुख्य आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. मधल्या ३४ वर्षांत खेळाचा सांगाडा फारसा हललेला नाही. एक शहर वसवायचं, भोवतालची जमीन कसायची, नवी शहरं उभी करायची, शेजाऱ्याशी कधी तह करायचा तर कधी लढायचं, आणि शतकांमागून शतकं ओलांडत पुढे जायचं. हिशेबाची वही मात्र प्रत्येक आवृत्तीने नव्याने आखली, आणि सगळ्यांत जास्त खाडाखोड झाली ती व्यापार आणि उत्पादन या दोन रकान्यांत. ही खाडाखोड बहुधा प्रगतीची कहाणी म्हणून सांगितली जाते: आधी सगळं ओबडधोबड होतं, मग बारकावे आले, मग वास्तव आलं. मला ही मांडणी पटत नाही. सातही आवृत्त्या शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारला तर वेगळंच चित्र दिसतं. व्यापारातून एका शहराला जे मिळतं, ते दुसऱ्या कुठल्या तरी उत्पादनातून वजा होतं का? ज्या आवृत्तीत ते वजा होतं, तिथे व्यापार करायचा की नाही यावर खेळाडूला विचार करावा लागतो. ज्या आवृत्तीत वजा होत नाही, तिथे व्यापार ही आपोआप जमा होणारी रक्कम ठरते, मग तिच्यावर कितीही रंगरंगोटी केलेली असो.

पहिल्या आवृत्तीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण पुढच्या सगळ्या वादाचं बीज तिथे आहे. त्या खेळात शहराच्या भोवतीची, शहराचं स्वतःचं धरून नकाशावरची २१ चौकोनी घरं त्या शहराची. प्रत्येक नागरिक एका घरावर राबतो आणि त्या घरातून तीन गोष्टी निघतात: धान्य, उत्पादन आणि व्यापार. उत्पादन छोट्या ढालींच्या चिन्हाने दाखवलेलं असे आणि व्यापार बाणांच्या. समुद्राच्या घरातून धान्य थोडं, व्यापार भरपूर आणि ढाल एकही नाही. टेकडीवर खाण खणली की ढाली मिळतात, पण पोट भरत नाही. व्यापाराचे बाण पुढे कर, चैन आणि संशोधन यांत वाटले जातात. इथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की करातून आलेला पैसा एका तिजोरीत जातो आणि संशोधनही साऱ्या राज्याचं एकच असतं, पण ढाली ज्या शहरात निपजल्या त्याच शहरात अडकून पडतात. या आवृत्तीतल्या भारताच्या शहरयादीत दिल्ली-मुंबईबरोबर कोल्हापूरही आहे. कोल्हापूर डोंगराळ भागात वसवलं आणि तिथे ढालींचा पूर आला, तरी समुद्रकाठच्या मुंबईत काही बांधायला त्यांतली एकही ढाल उपयोगी पडत नाही. तिजोरीतला पैसा ओतून मुंबईचं काम लवकर उरकता येतं, पण काम जितकं बाकी तितका दर चढत जातो, आणि मोठ्या कामात तिजोरी बघता बघता रिकामी होते.

या अडचणीवर त्या खेळात एकच तोड होती, आणि ती म्हणजे तांडा. ५० ढाली खर्चून एखादं शहर व्यापारी तांडा तयार करतं. या ५० ढाली म्हणजे काय, हे किंमती पाहिल्यावर कळतं: मंदिर ४० ढालींचं, धान्यकोठार ६० चं, ग्रंथालय ८० चं. तांडा काढला म्हणजे तेवढ्या काळापुरतं मंदिर राहिलं. तयार झालेला तांडा दोन कामांना येतो. आपल्याच दुसऱ्या शहरात पिरॅमिडसारखं जागतिक आश्चर्य बांधलं जात असेल, तर तांडा तिथे नेऊन त्याच्या पूर्ण ५० ढाली त्या कामात घालता येतात. पिरॅमिडला ३०० ढाली लागतात. म्हणजे सहा तांडे. याचा अर्थ, उत्पादन एका गावातून दुसऱ्या गावात खरोखर वाहून नेता येतं, पण ते आधी एका ठिकाणी खर्ची टाकून, वाटेतले टर्न, म्हणजे खेळातल्या पाळ्या, मोजून, आणि रानटी टोळ्यांनी किंवा शत्रूने तांडा मारला तर सगळं गमावण्याची जोखीम पत्करून. दुसरा उपयोग व्यापारी मार्गाचा. तांडा दूरच्या शहरात शिरला की एकदाच घसघशीत रक्कम मिळते, तेवढंच संशोधनही पदरात पडतं, आणि पुढे दर टर्नला त्या शहराच्या व्यापारात थोडी भर पडत राहते. ती पहिली रक्कम अंतराबरोबर वाढते. दोन्ही शहरं एकाच भूखंडावर असली तर कमी होते, आणि दोन्ही आपलीच असली तर आणखी कमी. मग सगळ्यांत किफायतशीर तांडा कोणता? जो समुद्र ओलांडून परक्याच्या भरभराटीच्या शहरात जातो तो. त्यासाठी जहाज लागतं, जहाजाला पुन्हा ढाली लागतात, आणि ते परकं शहर उद्या शत्रूचं होऊ शकतं. इतक्या तुटपुंज्या सामग्रीत व्यापार आणि उत्पादन यांचा इतका घट्ट सांधा नंतरच्या फार थोड्या आवृत्त्यांना जमला, असं मी म्हणतो ते यासाठी.

१९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स होते. त्यांनी तांड्याला माल दिला. कातडी, लोकर, मीठ, तांबं, रंग, मद्य, रेशीम, मसाले, रत्नं, पुढच्या काळात तेल आणि युरेनियमसुद्धा. प्रत्येक शहर काही वस्तू पुरवतं आणि काही मागतं. मागणी असलेला माल पोचवला तर मोबदला दामदुप्पट. कागदावर हे मोठं पाऊल दिसतं. प्रत्यक्षात रेशीम पुरवणाऱ्या शहराला रेशीम तयार करावं लागत नाही. त्यासाठी तुतीची लागवड नाही, माग नाही, कुणी कारागीर राबत नाही. तांडा मिठाचा असो की रत्नांचा, खर्च ५० ढालींचाच. म्हणजे वस्तूंची नावं आली तरी वजाबाकी जुनीच राहिली. दुसरी एक भर मात्र खरी मोलाची होती आणि तिची चर्चा कमी होते: धान्याचा तांडा. एका शहराने दुसऱ्याला धान्याचा मार्ग जोडून दिला, की ते धान्य पाठवणाऱ्या शहराच्या पोटातून कमी होतं. वाळवंटातलं खाणगाव जगवायचं तर नदीकाठच्या कुठल्या तरी गावाने आपली वाढ थोडी आवरती घ्यायची. एका धान्यकणाएवढा हा नियम, पण त्यातून राज्याच्या नकाशाला आकार येतो, कारण पोसणारं गाव आणि पोसलं जाणारं गाव अशी विभागणी खेळाडूला स्वतः करावी लागते.

वस्तू खरोखर निपजवाव्या लागल्या तर काय होतं, याचं उत्तर त्याच कंपनीने दोन वर्षं आधी देऊन ठेवलं होतं. १९९४ चा 'कॉलनायझेशन' हा मुख्य मालिकेबाहेरचा, पण त्याच घरातला खेळ. अमेरिकेत वसाहती उभारायच्या आणि शेवटी युरोपातल्या राजापासून स्वातंत्र्य मिळवायचं. तिथे ऊस पिकवावा लागतो, मग गाळपाच्या घरात माणूस बसवून त्याची रम करावी लागते. कापसाचं कापड, तंबाखूचे चिरूट, फरचे कोट, खनिजाची अवजारं आणि अवजारांच्या बंदुका. माल शंभर-शंभर टनांच्या खणांत भरायचा: बैलगाड्यांच्या ताफ्यात दोन खण, व्यापारी जहाजात चार, मोठ्या गॅलियनमध्ये सहा. युरोपात एकच माल सारखा विकत राहिलं की त्याचा भाव पडतो, आणि राजा अधूनमधून कर वाढवत जातो. तो कर नाकारला तर एखाद्या मालावर बंदी येते आणि त्या मालाची सगळी साखळी ठप्प होते. अवजारं विकून पैसा करायचा की त्यांच्याच बंदुका घडवून ठेवायच्या, हा तिथला रोजचा पेच. इथे वजाबाकी शेवटच्या टनापर्यंत चोख आहे. मुख्य मालिकेने हा रस्ता घेतला नाही, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. १५ शहरं आणि सहा हजार वर्षांचा इतिहास सांभाळताना खेळाडूने प्रत्येक शहरातल्या कोटांचा आणि चिरुटांचा हिशेब ठेवायचा म्हटलं, तर दुसरं काही करायला वेळच उरणार नाही.

वेळेचा हाच मुद्दा माझ्या म्हणण्यावरचा पहिला मोठा आक्षेप आहे. तांड्यांची पद्धत कंटाळवाणी होती, असं अनेक जुने खेळाडू सांगतात, आणि ते खोटं नाही. दुसऱ्या आवृत्तीत डाव रंगात आला की डझनावारी तांडे एकेक घर पुढे सरकवायचे, बोटीत चढवायचे, उतरवायचे, मागणीचे तक्ते धुंडाळायचे. जिंकण्याची खात्रीची वाट म्हणूनच ती धरली जाई, आणि त्या वाटेवर चालणं हे निव्वळ हमालीचं काम होतं. २००१ ची तिसरी आवृत्ती फिरॅक्सिस या नव्या कंपनीने काढली, आणि तांडे त्यातून पार काढून टाकले. पण माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली. त्रास होता तो हाताला. खर्च होत होता तो राज्याला. हाताचा त्रास कमी करण्यासाठी राज्याचा खर्च रद्द करण्याची गरज नव्हती. पुढच्या आवृत्त्यांनी हे सिद्धही केलं, पण त्याला बारा वर्षं लागली.

तिसऱ्या आवृत्तीने व्यापाराचा अर्थच पालटला. नकाशावर लोखंड, घोडे, सोरा, कोळसा, तेल, रबर अशी संसाधनं विखुरलेली असतात. लोखंडाचं घर आपल्या हद्दीत आणून रस्त्याने राजधानीशी जोडलं की तलवारबाज घडवता येतात; लोखंड आणि कोळसा दोन्ही असल्याशिवाय रेल्वे टाकता येत नाही. संसाधन हद्दीबाहेर असेल तर एक कामगार पाठवून तिथे वसाहत ठोकता येते. त्यात तो कामगार कायमचा खर्ची पडतो, आणि या आवृत्तीत कामगार म्हणजे शहराच्या लोकसंख्येतला एक माणूस. शेजाऱ्याची सांस्कृतिक हद्द वाढत त्या जागेपर्यंत आली की वसाहत बुडते. लोखंडासाठी माणूस खर्च करायचा, रस्ता राखायचा आणि शेजाऱ्याच्या हद्दीवर डोळा ठेवायचा, इथपर्यंत रचना अप्रतिम आहे. ती कोलमडते ती पुढच्या पायरीवर. एकदा एक खाण जोडली गेली, की तिच्यातून राज्यभर हवे तेवढे तलवारबाज निघतात. दहा केले काय आणि शंभर केले काय, लोखंड तेवढंच. खाण अधूनमधून आटते खरी, पण ते नशिबाच्या फाशावर. किती वापरलं याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे लोखंड हा माल राहिला नाही, तो दुकानात टांगलेल्या परवान्यासारखा झाला: एक असला की पुरे, दुसरा फक्त विकायला. आणि विक्रीही वाटाघाटीच्या पडद्यावर, साधारण २० टर्नांच्या करारात. दोन देशांमध्ये रस्ता, बंदर किंवा विमानतळाने जोडणी असली की झालं. अंतर किती याला व्यापारात किंमत उरली नाही. गंमत अशी, की त्याच आवृत्तीत कारभाराच्या बाजूला अंतर भयंकर महाग होतं. राजधानीपासून दूरच्या शहरातलं उत्पादन भ्रष्टाचार आणि नासाडीत इतकं गळून जाई, की महिनोन्‌महिने तिथे टर्नला एकच ढाल हाती लागे. दूरच्या शहरातून माल निर्धास्त येतो, पण त्याच शहराला स्वतःचं मंदिर बांधायला युगं लागतात. या दोन नियमांचं एकमेकांशी जमत नाही, आणि या आवृत्तीची अर्थव्यवस्था मला म्हणूनच दुभंगलेली वाटते.

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. २००५ ची चौथी आवृत्ती बऱ्याच जाणकारांच्या मते या मालिकेतली सर्वांत सखोल आहे. तिचे मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन. आणि तिच्यात व्यापारी मार्ग पूर्णपणे आपोआप जुळतात! तांडा नाही, उत्पादनाचा खर्च नाही, वाट नाही. चलनाचा शोध लागला की प्रत्येक शहराला एक मार्ग जास्त; परदेशाशी खुल्या सीमांचा करार असेल तर परक्या शहरांशी मार्ग जोडले जातात; दूरच्या आणि मोठ्या शहराशी जोडला गेलेला मार्ग जास्त देतो, आणि दुसऱ्या खंडाशी असेल तर आणखी. माझी कसोटी खरी असती, तर या आवृत्तीत व्यापार सपक व्हायला हवा होता. मग तसं का झालं नाही?

कारण चौथ्या आवृत्तीने वजाबाकी मार्गावरून उचलून जमिनीत नेली. तिथे उत्पादनाचं चिन्ह हातोडा झालं, आणि पैसा व संशोधन यांचा मुख्य झरा ठरली ती कॉटेज. एखाद्या घरावर कॉटेज बांधली आणि त्यावर नागरिक राबत राहिला, तर १० टर्नांनी तिची वाडी होते, पुढच्या २० नी खेडं आणि त्यापुढच्या ४० नी भरलेलं गाव. सुरुवातीला एक नाणं देणारी जागा ७० टर्नांनंतर चार देते. हिरव्या टेकडीचं एक घर समोर धरा. तिथे खाण खणली तर आजपासून हातोडे, म्हणजे आजपासून सैन्य आणि इमारती. कॉटेज बांधली तर आज जवळजवळ काहीच नाही, पण ७० टर्नांनी शेजाऱ्याला मागे टाकणारं संशोधन. शत्रूचं घोडदळ येऊन गावाची लूट करतं, तेव्हा गाव पुन्हा खेडं होतं आणि वर्षांची वाढ मातीत जाते. हाच तो ५० ढालींचा जुना सौदा, फक्त काळाच्या लांबीवर ताणलेला: आजचं उत्पादन सोडून उद्याचा व्यापार. राज्यधोरणातही तीच गाठ आहे. मर्कंटिलिझम स्वीकारला तर परदेशी मार्ग बंद होतात आणि त्या बदल्यात प्रत्येक शहरात एक तज्ज्ञ फुकट राबतो. मुक्त बाजारपेठ घेतली तर मार्ग एक वाढतो. त्यामुळे आक्षेपाला माझं उत्तर असं, की चौथी आवृत्ती माझ्या कसोटीवर उतरते ती व्यापारी मार्गांमुळे नव्हे, कॉटेजमुळे. मार्ग स्वतः मात्र त्या खेळाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहेत. शहराच्या पडद्यावर कोपऱ्यात त्यांची यादी असते आणि बहुतेक डावांत तिच्याकडे कुणी पाहतही नाही. जिथे काही द्यावं लागत नाही तिथे नजर जात नाही.

२०१० च्या पाचव्या आवृत्तीने संसाधनं मोजायला घेतली, हे तिचं मोठं काम. लोखंडाच्या एका साठ्यातून ठरावीक एकक मिळतात, प्रत्येक तलवारबाज एक एकक अडवून ठेवतो, आणि खाण हातची गेली तर त्या सैन्याची लढण्याची ताकद घटते. परवाना पुन्हा माल झाला. पण व्यापार म्हणावा असं सुरुवातीला तिच्यात फारसं काही नव्हतं. राजधानीला जोडलेल्या शहरामागे थोडं सोनं आणि रस्त्याच्या प्रत्येक घरामागे देखभालीचा खर्च, एवढंच. खरा पालट २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या विस्ताराने केला, ज्याचं नेतृत्व एड बीच यांच्याकडे होतं. नदी आणि समुद्राच्या घरांतून फुकट मिळणारं सोनं त्यांनी काढून घेतलं, आणि तांडे परत आणले. उत्पादन खर्चून तांडा किंवा मालवाहू जहाज बांधायचं, गाव निवडायचं, आणि मग ते स्वतःच ये-जा करत राहतं. हाताचा त्रास आणि राज्याचा खर्च वेगळे करता येतात, असं मी वर म्हणालो ते हे. वाटेत लुटारू आले तर तांडा गेला. समुद्रमार्ग जमिनीच्या दुप्पट देतो, म्हणून बंदर आणि आरमार यांना पुन्हा अर्थ आला. परदेशी मार्गात समोरच्यालाही सोनं मिळतं, आणि ज्ञानात मागे असलेल्याकडे विज्ञान वाहतं. म्हणजे श्रीमंत शेजाऱ्याशी व्यापार करताना आपण त्याला किती मोठं करतो आहोत, हाही विचार करावा लागतो.

एका जागी मात्र या विस्ताराने जुनी शिस्त सोडली आणि ती मला खटकते. देशांतर्गत मार्गावर धान्यकोठार असलेलं शहर दुसऱ्या शहराला धान्य पाठवतं, कार्यशाळा असलेलं शहर उत्पादन पाठवतं. पण पाठवणाऱ्याचं एक दाणाही कमी होत नाही. धान्य निघतं कुठून? कुठूनच नाही. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीने ही सवय उचलली आणि उलटी केली: तिथे धान्य आणि उत्पादन मिळतं ते तांडा धाडणाऱ्या शहराला, आणि किती मिळणार हे पोचायच्या शहरात कोणकोणते विभाग बांधले आहेत यावर ठरतं. परिणामी नव्याने वसवलेलं गाव आपला तांडा जुन्या, भरलेल्या शहराकडे पाठवतं आणि झपाट्याने मोठं होतं. जुन्या शहराला त्याची झळही लागत नाही. उपाय सोयीचा आहे, उशिरा वसवलेली गावं त्यामुळे तग धरतात, हे मान्य. पण दुसऱ्या आवृत्तीतला पोसणारा आणि पोसला जाणारा हा भेद पुसला गेला, आणि सगळी गावं एकाच साच्यात वाढू लागली. त्याच आवृत्तीत तांड्याच्या वाटेवर आपोआप रस्ता तयार होतो, ही कल्पना मात्र मला फार आवडते, कारण रस्ते राजाच्या हुकुमापेक्षा व्यापाऱ्यांच्या पावलांनी पडतात हे इतिहासातलं सत्य तिच्यात उतरलं आहे.

सहाव्या आवृत्तीची भरपाई झाली ती फेब्रुवारी २०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या विस्ताराने, आणि तीही व्यापारात नव्हे, उत्पादनाच्या बाजूने. लोखंड आता साठवायचं असतं, आणि तलवारबाज घडवताना त्या साठ्यातून २० एकक कायमचे जातात. वीजकेंद्र चालवायचं तर दर टर्नला कोळसा किंवा तेल जळतं. त्यातून निघालेला कार्बन सगळ्या जगाच्या हवेत जातो, समुद्र वर चढतो आणि किनाऱ्यावरची सखल घरं पाण्याखाली जातात, ज्याने कोळसा जाळला त्याचीही आणि ज्याने कधीच जाळला नाही त्याचीही. इथे उत्पादनाची वजाबाकी शेजाऱ्याच्या वहीतही दिसू लागली. तेल विकायचं की जाळायचं, की कुणाकडेच जाऊ न देता अडवून ठेवायचं, हा प्रश्न तिथे खरा पेच बनतो. वाटाघाटीचा पडदा तोच, पण आकड्यामागे आता वजन आहे.

काहीजण म्हणतील, हा शेवटी खेळ आहे. लोखंड कुठून वजा होतं याची एवढी चिकित्सा कशाला? वास्तवाची हुबेहूब नक्कल केल्याने खेळ चांगला होत नाही, हे मलाही मान्य आहे. पिरॅमिड सहा तांड्यांनी उभा राहतो यात वास्तव कणभर नाही. माझी कसोटी वास्तवाची नाहीच. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालचं मद्य घेऊन तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांचाही रोख असाच होता: कापड विणायचं म्हणजे तेवढ्या श्रमांनी जे मद्य झालं असतं ते सोडायचं, आणि व्यापार फायद्याचा ठरतो तो या सोडण्याच्या हिशेबातून. पोर्तुगाल दोन्ही वस्तू स्वस्तात करत असूनही त्याने मद्यच करावं, हे उत्तर कापडासाठी मद्य सोडावं लागतं म्हणूनच निघतं. सोडावं लागतच नसेल तर कुणी कशात पारंगत व्हायचं हा प्रश्नच उभा राहत नाही, आणि खेळात प्रत्येक शहर सारख्याच क्रमाने सारख्याच इमारती बांधू लागतं. सहाव्या आवृत्तीच्या उत्तरार्धात जो एकसुरीपणा जाणवतो त्याचं मूळ मला इथे दिसतं.

सातवी आवृत्ती या दृष्टीने सर्वांत लक्षवेधी आहे, कारण तिने एका हाताने वजाबाकी परत आणली आणि दुसऱ्या हाताने सोडून दिली. गाव आणि शहर असा भेद तिने प्रथमच केला. गावाचं उत्पादन सोन्यात बदलतं, तिथे जे हवं ते विकत घ्यावं लागतं. गावाला एखादं ठरावीक काम नेमून दिलं, की त्याची स्वतःची वाढ थांबते आणि त्याचं धान्य जोडलेल्या शहरांकडे जातं. १९९६ चा धान्याचा तांडा २०२५ मध्ये संबंध वस्तीचा नियम होऊन आला. शहर मोठं करायचं तर कोणती गावं लहान ठेवायची, हे पुन्हा ठरवावं लागतं. संसाधनांचंही तसंच: मिळालेली बरीचशी संसाधनं एकेका शहराच्या ठरावीक खणांत बसवायची असतात, एका शहरात बसवलेलं दुसऱ्याला मिळत नाही, आणि उंट असतील तर खण वाढतात. शोधयुगात समुद्रापारच्या वसाहतींतून खजिन्याची जहाजं निघतात, ती स्वतः हाकत मायदेशी आणावी लागतात, आणि वाटेत ती लुटली जाऊ शकतात. अंतर पुन्हा महाग झालं, धोक्याचं झालं, आणि म्हणून मोलाचंही झालं. आधुनिक युगात कारखान्याच्या शहरात एकाच जातीचा कच्चा माल भरता येतो, तेव्हा या शहराने काय करायचं आणि त्या शहराने काय, ही रिकार्डोंची निवड खेळाडूपुढे उघड येऊन उभी राहते.

परदेशी व्यापार मात्र पुन्हा नकलेवर चालतो. व्यापारी उत्पादन खर्चून घडवावा लागतो, त्याला परक्याच्या वस्तीपर्यंत चालत न्यावं लागतं, तो पोचला की तिथली संसाधनं आपल्याला मिळतात आणि समोरच्याला सोनं. त्याच्याकडचे उंट किंवा त्याचं रेशीम तिळभरही कमी होत नाही. विकणाऱ्याला त्यामुळे नकार देण्याचं कारण उरत नाही. तो करार करतो तो संबंध सुधारण्यासाठी, मालाची किंमत ठरवण्यासाठी नव्हे. संसाधनांना खण मोजून देणाऱ्या रचनेत निर्यात करणाऱ्याने एक उंट खरोखर गमावला असता, तर त्याच्या राजधानीचा एक खण रिकामा झाला असता, त्याने त्या खणाची भरपाई मागितली असती, आणि दोन राज्यांमधली बोलणी पहिल्यांदाच मालावर झाली असती. हा बदल करण्यासाठी नवं चिन्ह लागत नाही की नवा पडदा. खण आहेत, व्यापारी आहे, वाट आहे. निर्यातदाराच्या वहीत उणे एक लिहायचं तेवढं राहिलं आहे.